पुस्तक मिटा आणि विचारा : मुलांची उजळणी घरी कशी घ्यावी

"धडा वाचून झाला?" "झाला." "किती वेळा?" "तीनदा." बहुतेक घरांत उजळणीची चौकशी इथेच संपते. तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि मुलाला अगदी मनापासून वाटतं की आपल्याला हे येतंय. पेपरात मात्र पुस्तक समोर नसतं. वाचलेलं ओळखणं आणि न बघता आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. घरी मूल पहिल्याचा सराव करतं आणि परीक्षा दुसऱ्याची होते.

कोकणात किनाऱ्यालगतच्या गावांतून शिकवताना पालकांकडून मी एक वाक्य कायम ऐकते : "आमचंच शिक्षण कमी, आम्ही काय अभ्यास घेणार?" त्या सगळ्या आईबाबांसाठी हा लेख आहे. उजळणी घ्यायला विषय यावा लागत नाही. पुस्तक आपल्या हातात ठेवून प्रश्न विचारता आले आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसता आलं, की अर्ध्याहून जास्त काम झालं.

मी हे नुसत्या अनुभवावरून सांगत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा चित्र उलटं झालं, लिहून काढणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. म्हणूनच रात्री वाचून झोपलेल्या मुलाला सकाळी सगळं येतं आणि महिन्याभराने येणाऱ्या सहामाहीत काही आठवत नाही.

आधी नेमकं काय येतं ते पाहा

एका मोठ्या कागदावर प्रत्येक विषयाचे धडे ओळीने लिहा. मुलालाच लिहू द्या, अक्षर कसंही असो. मग प्रत्येक धड्यासमोर खूण करायची : येतं, अर्धवट येतं, येत नाही. मात्र "हा धडा येतो का?" असं विचारून खूण करू नका. त्या प्रश्नाचं उत्तर नेहमी "हो" असतं. प्रत्येक धड्याच्या स्वाध्यायातले कुठलेही तीन प्रश्न विचारा. तिन्ही न बघता सांगितले तर येतं. एक-दोन सांगितले तर अर्धवट. एकही नाही तर येत नाही, त्या धड्याला लाल खूण.

या कामाला दोन-तीन संध्याकाळी जातात आणि बऱ्याच घरांत त्यावरून तोंडं हिरमुसतात, कारण लाल खुणा वाटल्या होत्या त्यापेक्षा जास्त निघतात. त्या वेळी ओरडू नका. जानेवारीत निघालेली लाल खूण मार्चमध्ये निघालेल्या खुणेपेक्षा कितीतरी बरी.

दहावीच्या मुलांनी याच कागदावर गुणांची वाटणी लिहावी. भाषेचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा. गणित भाग १ आणि भाग २, विज्ञान भाग १ आणि भाग २, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल हे पेपर ४० गुणांचे आणि दोन तासांचे. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ वगैरे. अंतर्गत गुणांचं काम वर्षभर चालतं, तेव्हा प्रयोगवही अपुरी असेल तर ती आधी पुरी करून घ्या.

मग कॅलेंडर खाली उतरवा

वेळापत्रक आखताना आपण अभ्यासाचे दिवस आधी भरतो आणि सण आला की सगळं कोलमडतं. उलटं करा. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि ज्या दिवशी अभ्यास होणारच नाही ते दिवस आधी खोडा. पहिल्या सत्रात गणपती असतात. मुंबईची माणसं येतात, घरात पाय ठेवायला जागा नसते, आरत्या आणि भजनं रात्री उशिरापर्यंत चालतात. त्या दिवसांत वही उघडली जाईल असं धरून चालू नका. दुसऱ्या सत्रात गावोगावच्या जत्रा, दहीकाले, आंगणेवाडीची यात्रा, महाशिवरात्रीला कुणकेश्वर आणि मग शिमगा. दहावीची परीक्षा हल्ली फेब्रुवारीतच सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते, त्यामुळे पालखी दारात आणि दुसऱ्या दिवशी पेपर असंही होऊ शकतं.

मुलाला जत्रेला पाठवूच नये, या मताची मी नाही. वर्षभर वाट पाहिलेली जत्रा बुडाली की ते मूल त्या रात्री पुस्तकापुढे बसून असतं, मन मात्र देवळाकडे. कुठे जायचं आणि किती वाजता परतायचं हे महिनाभर आधी, त्याच्यासमोर ठरवा. रात्रभर चालणारं दशावतारी नाटक पेपरच्या आठवड्यात नको, एवढी एकच गोष्ट मात्र घट्ट धरा. एक जागरण पुढचे दोन दिवस खातं.

घरच्या हंगामाचाही विचार करा. आंब्याची फवारणी, काजूच्या बिया गोळा करणं, मासळीचा लिलाव ही कामं नेमकी याच महिन्यांत असतात आणि मुलांचा हात लागतो. कामाला माझा विरोध नाही. पण सकाळचा पहिला तास कामाला देऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये अकरानंतर आपल्याकडे दमट उकाडा सुरू होतो, डोकं जड होतं. पहाटे साडेपाच ते सात हा वेळ पडवीत, मोकळ्या हवेत, अभ्यासाला द्या आणि बिया वेचायला नंतर पाठवा.

आता उरलेल्या दिवसांत धडे बसवा, आणि इथे खरी मेख आहे. एक धडा एकदाच तीन तास घेण्यापेक्षा चार वेळा थोडा थोडा घ्यावा, दर वेळी अंतर वाढवत. आज धडा झाला, तर परवा दहा मिनिटं, आठवड्याने पुन्हा दहा मिनिटं, आणि तीन आठवड्यांनी एकदा. शिकलेलं सुरुवातीला भराभर आणि पुढे सावकाश विसरलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. विसरायला लागल्यावर पुन्हा आठवायला लावलं, की पुढच्या खेपेला ते जास्त दिवस टिकतं. चार फेऱ्यांची खूण कॅलेंडरवरच करा : चौकटीत धड्याचं नाव आणि फेरीचा आकडा. फेऱ्या एक-दोन दिवस पुढेमागे झाल्या तर काही बिघडत नाही.

एक बैठक कशी असावी

चाळीस मिनिटं पुरेत. पाचवीच्या आतल्या मुलांना वीस. पहिली पंधरा मिनिटं मूल धडा वाचतं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मग पुस्तक तुमच्या हातात. दहा मिनिटं मूल कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहितं किंवा तुम्हाला सांगतं. पाच मिनिटं पुस्तक उघडून, काय राहिलं ते लाल पेनाने त्याच कागदावर भरतं. शेवटची दहा मिनिटं तुमच्या प्रश्नांची.

हे दिसतं कसं, ते सांगते. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. मालवणकडच्या एका घरात बाबा जाळं शिवत बसलेत, मुलगी समोर. पुस्तक बाबांच्या मांडीवर मिटलेलं. ती सांगते, अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाणाची भरती येते. बाबा म्हणतात, "बरा. मगे अष्टमीक काय होता?" ती म्हणते, भांगाची भरती. "कित्याक?" इथे ती अडते. तिला व्याख्या पाठ आहे, कारण नाही. बाबा काही सांगत नाहीत, सुई चालू ठेवतात. ती कागदावर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र काढते, मग चंद्र बाजूला सरकवते आणि म्हणते, "दोघं काटकोनात येतात. सूर्य एका बाजूला ओढतो, चंद्र दुसऱ्या बाजूला. म्हणून पाणी कमी चढतं." मग बाबा त्यांच्या माहितीतलं एक विचारतात : भरतीची वेळ रोज सारखी का नसते? ते रोज ती वेळ पाहून होडी काढतात. ती पुन्हा विचारात पडते. चंद्रही पृथ्वीभोवती पुढे सरकत असतो, त्याला गाठायला पृथ्वीला रोज सुमारे पन्नास मिनिटं जास्त फिरावं लागतं, हे तिने पुस्तक उघडून, आकृतीवर बोट ठेवून शोधलं.

बाबांनी इथे भूगोल शिकवला नाही. त्यांनी "का" विचारलं आणि ती अडल्यावर उत्तर सांगायची घाई केली नाही. मूल आठवायला धडपडतं ती पंधरा-वीस सेकंदं आपल्याला फार लांब वाटतात आणि आपण पटकन सांगून टाकतो. नेमकी तीच सेकंदं उपयोगाची असतात. अगदीच जमलं नाही तर पहिला शब्द सांगा, पूर्ण उत्तर नको.

हायलायटरने रंगवलेलं पुस्तक म्हणजे अभ्यास, ही समजूतही सोडून द्या. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं. त्यात खाली रेघा मारणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून अभ्यास करणं या दोन वरच्या ठरल्या.

विषयाप्रमाणे पद्धत बदला

गणित वाचायचं नसतं, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. सोडवलेलं उदाहरण झाका, कोऱ्या पानावर सोडवा, अडलं तर एकच ओळ उघडा आणि पुन्हा झाका. सरावसंच ओळीने सोडवण्यात एक धोका आहे. वर्गसमीकरणाच्या सरावसंचातली सगळी गणितं वर्गसमीकरणाचीच असतात, त्यामुळे कुठली रीत लावायची हे मुलाला ठरवावंच लागत नाही. पेपरात तेच ठरवायचं असतं. म्हणून दर रविवारी वेगवेगळ्या प्रकरणांच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहातून एकेक उदाहरण चिठ्ठ्यांवर लिहा : एक रेषीय समीकरणांचं, एक अंकगणिती श्रेढीचं, एक संभाव्यतेचं, एक अर्थनियोजनाचं. चिठ्ठ्या उलट्या ठेवून काढायच्या. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, कारण असं सोडवणं जड जातं. तरी चालू ठेवा. भूमितीत प्रमेयाची सिद्धता आणि रचना या हातानेच करायच्या, कंपास घेऊन.

चुकांची एक वेगळी वही असू द्या. चुकलेलं गणित, कुठे चुकलं ते एका ओळीत, आणि बरोबर उत्तर. परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायला याहून चांगलं काही नाही.

विज्ञानात शास्त्रीय कारणं आणि आकृत्या. आकृती बघून काढू नका, आठवून काढा आणि मग नावं ताडून पाहा. शक्य तिथे घरचंच उदाहरण विचारा. दहावीच्या उष्णतेच्या धड्यात आर्द्रता आहे. मार्चमध्ये आपल्याकडे अंगावरचा घाम वाळत नाही, घाटावर नातेवाइकांकडे गेलं की वाळतो, असं का? किनाऱ्यावरच्या हवेत बाष्प आधीच भरपूर असतं, त्यामुळे बाष्पीभवन मंद होतं. हे ज्या मुलाने स्वतः जोडलं ते सापेक्ष आर्द्रता विसरत नाही. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे यांचंही तसंच.

भूगोलात दहावीला भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्हींचे कोरे नकाशे आठ-दहा प्रतींमध्ये झेरॉक्स करून आणा. दर शनिवारी एक नकाशा, न बघता भरायचा : कर्कवृत्त, विषुववृत्त, मकरवृत्त, अमेझॉन, गंगा, मुख्य शहरं. मग तुलना तोंडी विचारा. कोणत्या देशातून विषुववृत्त जातं, आणि त्याने तिथल्या हवामानात काय फरक पडतो?

भाषांच्या बाबतीत पालक निर्धास्त असतात आणि तिथेच गुण जातात. पत्र, बातमी, सारांश, जाहिरात, कथा हे सगळं लिहून बघितल्याशिवाय येत नाही. आठवड्याला एक लिहा, शिक्षकांना दाखवा. शिक्षक नाही म्हणत नाहीत.

व्याख्या, सूत्रं, सन, इंग्रजी शब्द यांसाठी चिठ्ठ्या करा. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. तीन रिकामे डबे घ्या. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या डब्यात. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी दुसऱ्यात, तिथेही बरोबर आलं की तिसऱ्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने काढायचा. डब्यांची ही कल्पना सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडली. पावसात लाईट गेली, नेटवर्क गेलं, तरी चिठ्ठ्या चालतात. एसटीची वाट बघताना थांब्यावरही चालतात.

घड्याळ लावून पेपर

सगळे धडे निदान दोनदा फिरले की जुन्या प्रश्नपत्रिका काढा. त्याआधी काढल्या तर नुसती भीती बसते. टेबल मोकळं, पाण्याची बाटली, दोन पेनं, आणि पेपरची खरी वेळ. मध्ये उठायचं नाही, धाकट्या भावंडाला त्या वेळी शेजारी पाठवा. शक्य असेल तर परीक्षेची जी वेळ आहे त्याच वेळी बसवा.

तपासताना गुण मोजण्यापेक्षा चुका वेगळ्या करा. एक, येतच नव्हतं. असा धडा परत पहिल्या फेरीला जातो. दोन, येत होतं पण आठवलं नाही. त्याची चिठ्ठी करा. तीन, येत होतं आणि आठवलंही, पण प्रश्न नीट वाचला नाही किंवा वेळ पुरला नाही. तिसऱ्या प्रकारासाठी आणखी अभ्यास उपयोगाचा नाही, आणखी पेपर सोडवायला हवेत. ही विभागणी न करता "अजून अभ्यास कर" म्हटलं की मूल येणारे धडे पुन्हा वाचत बसतं.

उत्तरं ताडून पाहायला पाठ्यपुस्तक आधी, गाईड नंतर. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. रेंज असेल तिथे एकदा उतरवून ठेवा.

"अपेक्षित" प्रश्नसंचांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : त्यावर दहावी निघते, अकरावी अडते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेला आपला कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पुढे असतो. अभिमान वाटावा असंच आहे ते. पण उत्तीर्ण व्हायला ३५ गुण लागतात, आणि निवडक प्रश्न घोकून चांगले गुण मिळवलेली मुलं अकरावी सायन्सला गेल्यावर पहिल्याच चाचणीत रडताना मी पाहिली आहेत. मला त्या मुलांची काळजी वाटते.

शेवटचा आठवडा

नवीन धडा आता नाही. लाल राहिलेले धडे असतील तर त्यांतले सोपे प्रश्न तेवढे घ्या. रोज चिठ्ठ्या, चुकांची वही, एखादा नकाशा. झोप सात-आठ तास, कारण दिवसा शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. पहाटेचा अभ्यास हवा असेल तर रात्री साडेनऊला दिवा बंद करा. रात्री बारा आणि पहाटे चार अशी दोन्ही टोकं धरू नका.

केंद्र दुसऱ्या गावात असेल तर कोणती गाडी, ती चुकली तर काय, हे आदल्या दिवशी ठरवा. हॉलतिकीट, शाळेचं ओळखपत्र, पेनं, कंपास, पट्टी रात्रीच पिशवीत. सकाळी पेज, पोळी, उकडलेलं अंडं, जे रोज खातं तेच द्या.

या आठवड्यात घरात काय बोललं जातं ते फार लागतं. "मुंबईच्या अमक्याला ९५ टक्के होते" हे वाक्य कोणत्याही पाहुण्याच्या तोंडून निघू देऊ नका. निघालंच तर मुलादेखत विषय बदला. मूल जेवेनासं झालं, रात्री झोपत नसेल, सारखं "मला नाही जमणार" म्हणत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याच्याशी बोला, वर्गशिक्षकांना सांगा, गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा. एखादा विषय राहिलाच तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जात नाही. हे त्याला पेपरच्या आधी, शांतपणे सांगून ठेवा.

पेपर देऊन आल्यावर प्रश्नपत्रिका घेऊन किती बरोबर, किती चूक हे मोजायला बसू नका. पोटभर जेवण, तासभर झोप, संध्याकाळी समुद्रावर किंवा वाडीत एक चक्कर. मग पुढच्या विषयाचा डबा उघडा आणि पहिली चिठ्ठी विचारा.